ठाणे ते मोतमावली, पायी

रात्री दहाला मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चच्या आवारातून निघालो. ८ सप्टेंबरनंतरचा पहिला रविवार, म्हणजे सणाचा दिवस, उजाडेपर्यंत वांद्र्याच्या मोतमावलीच्या, माउंट मेरी चर्चच्या, पायऱ्या गाठायच्या होत्या. अंतर २५ किलोमीटरहून थोडं जास्त.

यंदा पाय निघत नव्हता. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून प्रार्थना कोरडी पडलेली. रात्री तीनला जाग यायची आणि पलीकडे कुणी ऐकतच नाही या विचाराने हातपाय गार पडायचे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम आहे: मन भरलेलं असताना केलेला निश्चय कोरड्या दिवसांत बदलायचा नाही. त्या नियमापायी निघाले, भक्तीपायी नाही.

१३२१ साली याच ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू हुतात्मे झाले. ते घाबरले नसणारच, असं मला लहानपणी वाटायचं. आता तशी खात्री वाटत नाही, आणि म्हणूनच ते जवळचे वाटतात.

तीन हात नाका, मुलुंड. पुढच्या मुलांनी स्पीकर इतका मोठा लावला होता की जपमाळेतलं माझं दशक, म्हणजे दहा नमो मरियांचा गट, दोनदा चुकलं. माळ मुठीत धरून नुसती चिडत चालले. शनिवार, म्हणून आनंदाची रहस्ये, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले मनन करायचे आनंदाचे प्रसंग. सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हटली तर एक माळ वीसेक मिनिटांत होते, दीडेक किलोमीटर मागे पडतो. भीती दाटली की मात्र माळ मोजायची नाही. एक दिव्याचा खांब, एक नमो मरिये. पुढच्या खांबाचं पुढे बघायचं.

भांडुपला डावी टाच पेटली. पावसात मोजा भिजला होता. ओला मोजा सरकतो, चामडी घासते आणि फोड येतो. चूक माझीच, जादा जोडी घेतली नव्हती. एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले तर शेजारच्या इमारतीचे वॉचमन काका स्टूल घेऊन आले. "ताई, मोतमावलीला ना? पाय वर ठेवा." माझ्याबरोबर चालणाऱ्या मावशींनी पिशवीतून सुई काढली, स्पिरिटने पुसली, फोडाच्या कडेला टोचली, कापसाने पाणी दाबून काढलं. वरची कातडी सोलायची नाही, तीच खालच्या जखमेचं झाकण. पाय कोरडा करून चिकटपट्टी, सुरकुती न पडता. तेवढ्यात काकांनी आपल्या डब्याच्या पिशवीतून खाकी मोजे काढले, धुतलेले, घडी घातलेले. "सकाळच्या ड्युटीला बदलायला ठेवले होते. घाला." मी नको म्हणत राहिले, ते गुडघ्यावर बसून मोजा उलगडत राहिले.

मला रडू फुटलं. मावशींना म्हटलं, "मला प्रार्थनेचीच भीती वाटते हो." सहा महिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. इग्नेशियस हेही सांगतात की लपवलेली भीती वाढते. मावशी पाय पुसता पुसता म्हणाल्या, "पहिलं रहस्य आठव. देवदूत 'भिऊ नकोस' म्हणाला आणि नंतर निघून गेला. मग ती काय करत बसली?"

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ते तसंच आहे. देवदूत गेला. मरिया उठली आणि लगबगीने डोंगराळ भागात एलिझाबेथकडे निघाली. तेच दुसरं रहस्य. जपमाळेत ही दोन इतकी लागून आहेत, तरी मी ती इतकी वर्षं वेगवेगळी म्हणत आले.

विक्रोळी, घाटकोपर, कुर्ल्याचं होली क्रॉस चर्च. बारा कधीच वाजून गेले होते, रविवार लागला, म्हणून आता गौरवाची रहस्ये. तीन वाजले तेव्हा मी चालत होते. भीती आली, नेहमीचीच. मावशींचा हात धरला आणि सांगितलं, "आली." त्यांनी नमो मरियेची सुरुवात केली, मी उरलेली म्हटली. खांबामागून खांब.

वांद्र्याच्या चढावर मेणाचे पाय, हात, घरं, बाळं विकायला मांडलेली. ज्यासाठी मागणं, त्या आकाराचं मेण वाहायचं. भीतीचा आकार कशात मागायचा? साधी पांढरी मेणबत्ती घेतली. खाकी मोज्यांत पाय शेकल्यासारखा ऊबदार होता. रांग पुढे सरकली. काकांचं नाव विचारायचं राहिलं होतं, म्हणून "भांडुपचे काका" एवढंच म्हणून ती लावली.