कलम ६

२००८ साली मी केंद्रीय गृहमंत्रालयात, दिल्लीच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये, अवर सचिव होतो. २७ नोव्हेंबरच्या रात्री दादरहून थोरल्या भावाचा फोन आला, तेव्हा ताज आणि ओबेरॉयमध्ये गोळीबार चालूच होता. "अख्ख्या देशाचा गृहमंत्री, आणि मुंबईचे पोलीस त्याच्या हुकमात नाहीत?" असे दादाने विचारले. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत, हे वाक्य मी संसदेतल्या प्रश्नांच्या उत्तरांत शेकडो वेळा लिहिले होते. त्या रात्री ते दादाला ऐकवण्याचा धीर मला झाला नाही.

३० नोव्हेंबरला गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला आणि त्याच इमारतीत अर्थखाते सांभाळणारे पी. चिदंबरम गृहमंत्री झाले. राष्ट्रीय तपास संस्थेचे विधेयक १६ डिसेंबरला लोकसभेत मांडले गेले आणि १७ तारखेला, चर्चेच्या दिवशी, मी अधिकारी दीर्घेत फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो.

सगळा जीव कलम ६ मध्ये होता. दहशतवादासारखा, या कायद्याच्या अनुसूचीतला गुन्हा ठाण्यात नोंदवला की अहवाल राज्य सरकारकडे जाणार, तेथून केंद्राकडे येणार, आणि तपास या संस्थेकडे द्यायचा की नाही हे केंद्राने १५ दिवसांत ठरवायचे. शिवाय त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमाने केंद्राला, राज्याच्या अहवालाची वाट न पाहता, स्वतःहून तपास सोपवण्याची मुभा दिली होती. सदस्यांनी राज्यांच्या अधिकारांचा मुद्दा लावून धरला, आणि मला तो मनापासून रास्त वाटत होता. पोलीस आयुक्ताला अधिकार कायद्याने आयते मिळतात. केंद्रीय गृहमंत्र्याला मात्र राज्यांच्या क्षेत्रात एक पाऊल टाकायचे तरी ते सभागृहापुढे उभे राहून मागावे लागते, आणि ते तसेच असले पाहिजे.

मी मंत्र्यांसाठी पेन्सिलीने चार ओळींची चिठ्ठी तयार केली: कलम ७ प्रमाणे राज्याला तपासात सहभागी करून घेता येते किंवा प्रकरण राज्याकडे सोपवता येते, कलम १० राज्याचा तपासाचा अधिकार शाबूत ठेवते, आणि शेवटी मुंबईत काय घडले त्याची एक ओळ. शेजारी बसलेल्या वरिष्ठांनी ती शेवटची ओळ खोडली. "मुंबई सगळ्यांना ठाऊक आहे. कलमे पुरेत," ते हळूच म्हणाले. माझा हात थरथरत होता, हे त्यांनी पाहिले असावे.

विधेयक त्याच दिवशी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाले. रात्री मी दादाला फोन केला.

"म्हणजे आता मुंबईचे पोलीस दिल्लीचे ऐकणार?"

"नाही, दादा. पोलीस राज्याचेच. अशा गुन्ह्याचा तपास मात्र केंद्राला हाती घेता येईल."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "आणि राज्याने अहवाल पाठवलाच नाही तर?"

मी फाईल उघडली आणि कलम ६ चे पाचवे पोटकलम त्याला मराठीत, एकेक शब्द लावत, वाचून दाखवले.