ताईचा हाफ सेट

एकसष्टीला काय द्यावे, याचे आपल्याकडे ठरलेले पर्याय असतात: चांदीचे ताम्हन, पैठणी, फार झाले तर एखादी सहल. माझ्या थोरल्या बहिणीने मात्र महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर ‘आता मला गोल्फ शिकायचे आहे’ असे जाहीर केले आणि तिला काठ्यांचा पहिला सेट घेऊन देण्याची जबाबदारी आम्हा भावंडांनी हौसेने अंगावर घेतली. साडी न विचारता घेता येते, ब्लाउज मात्र मापाशिवाय शिवता येत नाही. गोल्फचा सेट दुकानात साडीसारखा झगमगत असला, तरी तो मुळात ब्लाउजच आहे.

माप घ्यायचे ते नुसत्या उंचीचे नाही. बूट घालून सरळ उभे राहायचे, हात सैल सोडायचे आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. कारण सारख्याच उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे लांब असतीलच असे नाही. हे माप चोरून घेता येत नाही, त्यामुळे भेट अचानक समोर ठेवून थक्क करण्याची हौस इथे सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्यासाठी घ्यायचे, त्याला सोबत न्यावे.

खरे तर ताईला सेट घेण्याची गरजच नाही, असे भाऊजींचे म्हणणे होते. ते बरीच वर्षे येरवड्याला खेळतात आणि त्यांचा जुना सेट माळ्यावर पडून होता. घरात आधीपासून खेळणारा नवरा असला की बायकोच्या नशिबी बहुधा असा वारसा येतोच. पण त्या काठ्यांचे शाफ्ट, म्हणजे दांडे, पोलादी आणि ताठ होते. शाफ्ट किती वाकावा, हे झोक्याच्या वेगावर ठरते. सावकाश झोका घेणाऱ्या नवशिक्याच्या हातात ताठ शाफ्ट दिला, तर चेंडू पुरेसा वर उठत नाही, शिवाय वजनाने खांदे भरून येतात ते वेगळेच. याउलट दुकानदाराने ‘लेडीज सेट’ म्हणून जो तत्परतेने पुढे केला, तो साधारण इंचभर आखूड निघाला. ताई आम्हा भावांहून उंच आहे. तिला हलका ग्रॅफाइटचा शाफ्ट हवा होता, पण लांबी पुरुषांच्या सेटची. आणि गुलाबी पट्टा तर तिला कोणत्याच लांबीत नको होता.

मग काठ्या किती घ्यायच्या, हा प्रश्न आला. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी आली, कारण त्याआधी काही खेळाडू पंचवीस-तीस काठ्या बाळगत आणि ते ओझे बॅग वाहणाऱ्या बिचाऱ्या कॅडीच्या खांद्यावर असे. भेट देणाऱ्याला १४ हा आकडा किमान मर्यादेसारखा वाटू लागतो, हीच खरी अडचण आहे. चिक इव्हान्स या अमेरिकी खेळाडूने १९१६ ची यू. एस. ओपन स्पर्धा अवघ्या सात काठ्यांवर जिंकली होती, हे मी घरच्या बैठकीत दोनदा तरी सांगितले. अखेर हाफ सेट, म्हणजे साधारण निम्म्या काठ्यांचा संच, ठरला: लांबच्या फटक्यांसाठी एक हायब्रिड, मधल्या अंतरासाठी सात आणि नऊ नंबरचे आयर्न, चेंडू जवळून उंच उचलायला पिचिंग वेज, वाळूतून काढायला सँड वेज आणि भोकाजवळच्या हिरवळीवर चेंडू ढकलायला पटर. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत दूर मारायची काठी, मी हट्टाने वगळला. तो सर्वांत लांब, त्याच्या फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, तिरपेपणा जेमतेम दहा-अकरा अंशांचा, त्यामुळे नवशिक्याचा चेंडू त्यावरून हमखास आडवा पळतो. दुकानात सगळ्यांचा हात आधी त्याच्याकडेच जातो, ती गोष्ट निराळी.

मोठा वाद झाला तो वापरलेल्या काठ्यांवरून. एकसष्टीला कुणाची तरी उतरलेली वस्तू द्यायची, ही कल्पनाच वहिनीला मानवेना आणि तिच्या बोलण्यात तथ्य नव्हते असेही नाही. शुभकार्याचे काही संकेत असतात. पण जुने आयर्न हातात घेऊन पाहण्यासारखे असते. आम्हाला मिळालेल्या सात नंबरच्या फेसवर आडव्या खाचा अजून धारदार होत्या आणि नेमका मधला भाग रुपयाच्या नाण्याएवढा घासून फिका पडला होता. आधीचा मालक चेंडू मधोमध मारत असला पाहिजे. मुठीवरचे ग्रिप मात्र घामाने कडक आणि तुळतुळीत झाले होते. ते बदलणे हे किरकोळ खर्चाचे काम आहे. आयर्नच्या डोक्याची मागची बाजू पोकळ ठेवून वजन कडांकडे नेलेले होते, त्यामुळे फटका मध्यापासून थोडा सरकला तरी फेस फारसा फिरत नाही. नवशिक्याला ही उदारता नव्या चकाकीपेक्षा कितीतरी उपयोगाची. चेंबूरच्या गोल्फ मैदानाशेजारच्या वस्तीत कॅडी आणि मुले लोखंडी सळया वाकवून गल्लीबोळांत गोल्फ खेळत आली आहेत, हेही मी वहिनीला ऐकवले; त्यावर ‘मग सळईच द्या ताईंना’ असे उत्तर मिळाले. शेवटी काठ्या जुन्या, बॅग व हातमोजा कोरा करकरीत आणि वाचलेल्या पैशांत प्रशिक्षकाकडचे धडे, अशी तडजोड झाली. बॅगेचा रंग वहिनीने निवडला.

पटरची जागा आम्ही मुद्दाम रिकामी ठेवली होती. पटर ज्याचा त्यानेच निवडावा. हिरवळीवरचे निम्मे यश नजरेला काय पटते यावर असते. दुकानातल्या कृत्रिम हिरवळीवर भाऊजींनी मोठ्या डोक्याचे, पांढऱ्या रेघांचे, महागडे मॅलेट पटर ताईसमोर ओळीने मांडले. ताईने प्रत्येकाने चार-सहा चेंडू ढकलून पाहिले, शेवटी कोपऱ्यातला एक साधा, अरुंद पात्याचा पटर उचलला आणि ‘याच्या टोकाला काय चालले आहे ते मला दिसते’ एवढेच म्हणून तो काउंटरवर ठेवला. भाऊजींनी सवयीने किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि काही न बोलता स्वतःचे पाकीट काढले.