बीएस्सी एमएलटीचा माझा अनुभव, जांभळ्या झाकणासकट

नीटमध्ये मार्क कमी पडले, बाबा म्हणत होते फार्मसी बघ, पण मी नवी मुंबईतल्या एका छोट्या युनिव्हर्सिटीत एमएलटीला, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीला, अ‍ॅडमिशन घेतली. मावशी अजून विचारते, म्हणजे फक्त रक्तच काढायचं ना गं? समजावणं सोडून दिलंय.

रोज ठाण्याहून नेरुळ. गाडी ठाण्यालाच सुटते त्यामुळे बसायला मिळायचं, घणसोलीपर्यंत जर्नल पूर्ण. बॅच छोटी, मोठं ऑटोमॅटिक मशीन नाही, म्हणून डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, हातानेच मोजायचे, न्यूबार चेंबरचे (चौकटी आखलेली काचपट्टी) चार कोपरे मोजून गुणिले ५०, डोळे पार फुटायचे. तेव्हा वैताग यायचा, पण आता मशीनने विचित्र आकडा दिला की स्लाईड बघायची सवय आपोआप आहे. ब्लड ग्रुपिंगला अँटी-ए अँटी-बी ही गट ओळखायची द्रावणं टाकून, गुठळ्या झाल्या नाहीत म्हणून पटकन ओ लिहिलं की सर ओरडायचे, अगं १९५२ ला डॉ. भेंडेंनी बॉम्बे ब्लड ग्रुप इथेच मुंबईत शोधलाय, तो पण असाच ओ दिसतो, अँटी-एच लावलंस का?

तरी इंटर्नशिपला व्हायचा तो घोळ झालाच. ठाण्यातली एक लॅब, सकाळची गर्दी, एका काकांची लाल झाकणाची ट्यूब अर्धीच भरली. जांभळ्यात बऱ्यापैकी होतं, मी त्यातलं थोडं लालमध्ये ओतलं, रक्त एकाच माणसाचं तर आहे, काय फरक पडतो! रिपोर्ट आला पोटॅशियम ११, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या आसपास हवं, ११ वाल्याचं हार्ट बंद पडायची वेळ आणि काका बाहेर बाकावर बसून फोनवर हसतायत. सिनियर मॅडमनी आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, जांभळ्यातून ओतलंस ना? जांभळ्यात ईडीटीए असतं, ते पोटॅशियमचंच मीठ, आणि कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून तर रक्त गोठत नाही. हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं हो, पूर्ण मार्क पण मिळालेले.

परत टोचावं लागलं. या वेळी ४.२.

काका म्हणाले, काय गं पोरी, मघाचं सांडलं वाटतं? मी हो म्हणाले.