मुरवलेला स्टेक: मॅरिनेडचं निम्मं काम सॉसकडे

या खेपेचा निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांची सुटका. स्टेक, म्हणजे भाजायचा गोमांसाचा अखंड तुकडा, मुरवताना मी आता मीठ, जरासा सोया सॉस, मिरपूड आणि चमचाभर तेल एवढ्यावरच थांबतो. आंबट, गोड, लसूण, हिरवा पाला या सगळ्याची बदली सॉसमध्ये केली आहे. मांस तव्यावरून उतरलं की हा सॉस वरून पडतो. चव वाढली, करपण्याचा वास थांबला आणि ज्या खरपूस थरासाठी हा सगळा खटाटोप, तो नीट धरायला लागला.

मुरवलं की मसाला आतपर्यंत जातो, असं आपण धरूनच चालतो. तपासून बघणं अगदी सोपं आहे. फ्लँकचा (पोटाकडच्या मांसाचा) जाडसर तुकडा सोया सॉस, लसूण, आलं आणि मिरपुडीत रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कच्चाच मधोमध कापला. कडेने गडद तपकिरी किनार दिसली, जेमतेम काही मिलिमीटरची. तिच्या आत मांसाचा रंग जसाच्या तसा. मग गाभ्यातला तेवढाच भाग कोरून वेगळा भाजला आणि चाखला. खारटपणा लागला, पण लसणाचा मागमूस नाही.

कारण समजून घेतलं की पुढचे निर्णय आपोआप होतात. कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. मीठ त्या पाण्यात विरघळतं, त्याचे आयन लहान असतात, त्यामुळे ते सावकाश का होईना आत सरकत राहतं. सोया सॉसला मांसल चव देणारं ग्लुटामेटही पाण्यात विरघळणारं, म्हणून तेही थोडंफार शिरतं. लसूण आणि मसाल्यांचे सुगंधी रेणू बहुतेक तेलात रमणारे. ते दारातच उभे राहतात. मॅरिनेड, म्हणजे मुरवायचं मिश्रण, ही पृष्ठभागाची गोष्ट आहे, हे एकदा मान्य केलं की प्रश्न उरतो तो एवढाच: पृष्ठभागावर काय ठेवायचं आणि कधी?

त्यामुळे कोणता भाग मुरवायचा हेही ठरलं. फ्लँक, स्कर्ट असे पातळ, लांब तंतूंचे भाग मुरवण्यासारखे. त्यांच्यात वजनाच्या मानाने पृष्ठभाग भरपूर असतो. बरगडीकडचा जाडजूड, चरबीदार रिबआय मॅरिनेडमध्ये बुडवणं मला आता उधळपट्टी वाटते. त्याची चरबी हाच त्याचा मसाला. त्याला मीठ पुरे.

मीठ आणि वेळ

मिठाचं प्रमाण मांसाच्या वजनाच्या साधारण १ टक्का धरतो, म्हणजे ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम. सोया सॉस घातला तर मीठ त्या हिशेबाने कमी, कारण साध्या सोया सॉसमध्येच मीठ रग्गड असतं. चमच्यापेक्षा वजनकाटा बरा. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत फार फरक पडतो.

मीठ लावून पाच-दहा मिनिटांत मांसाकडे नीट बघा. पृष्ठभागावर पाण्याचे बारीक थेंब फुटतात, मग ते एकमेकांत मिसळून ओलसर चकाकी येते. हा क्षण तव्यासाठी सगळ्यात वाईट. बाहेर आलेल्या पाण्यात मीठ विरघळतं, ते खारं पाणी वरच्या प्रथिनांना सैल करतं आणि हळूहळू परत आत ओढलं जातं. पाऊण तासाने तीच चकाकी मावळलेली असते. म्हणून एक तर तव्यावर टाकता टाकता मीठ लावायचं, नाहीतर किमान पाऊण तास आधी. जमलं तर आदल्या रात्री लावून, फ्रीजमध्ये जाळीवर, न झाकता ठेवायचं. फ्रीजची कोरडी हवा पृष्ठभाग सुकवते, तेही फायद्याचंच.

आंबट आणि फळं

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर मांस मऊ करतं, हे अर्धवट खरं. आम्लामुळे वरच्या प्रथिनांची घडी मोडते, आचेने मोडते साधारण तशीच. अर्धा-एक तास ठीक. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पांढुरका पडतो आणि दाताखाली खडूसारखा भुरभुरीत लागतो. गाभा मात्र होता तेवढाच चिवट. मुद्दाम दोन तुकडे शेजारी शेजारी करून पाहिले. लिंबाच्या रसात रात्र काढलेला तुकडा तव्यावर रंगच धरेना. आधी पाणी सोडत बसला, आणि रंग येईपर्यंत आतून राखाडी झाला.

पपई, अननस, किवी, आलं यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. त्यांतलं पपईचं पपेन भलतंच चिवट, ६० अंशांच्या पुढेही काम करत राहतं, त्यामुळे मांस तापत असतानाही त्याचं कुरतडणं चालूच. जाड स्टेकवर याचा परिणाम म्हणजे वर लगदा आणि आत वादी. बुल्गोगीसारख्या कोरियन प्रकारात मांसाचे काप कागदाइतके पातळ असतात, तिथे किसलेलं फळ घालून मुरवणं शोभतं. तिथे आत-बाहेर असा भेदच उरत नाही. डबाबंद अननसाने मात्र मऊपणा येत नाही, डबा भरताना दिलेल्या उष्णतेत त्यातलं एन्झाइम निकामी होतं. त्यात उरते ती साखर.

काट्याने टोचून मुरवायचं, असं बऱ्याच कृतींत लिहिलेलं असतं. मी ते पूर्ण बंद केलं. अखंड तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर, आणि तिथे तव्याची आच त्यांना पुरून उरते. टोचलं की ते आत ढकलले जातात, आणि मग मधून गुलाबी ठेवायची सोय राहत नाही. यंत्राने टोचून मऊ केलेलं मांस मिळतं, त्यालाही हेच लागू.

तवा

खरपूस रंग आणि वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो तिचं वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. स्वयंपाकघरात ती जोमाने चालायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांच्या वर जावा लागतो. ओलं मांस १०० अंशांवर अडकून पडतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून मुरवलेला तुकडा बाहेर काढला की मॅरिनेड निथळवायचं, लसणाचे-आल्याचे तुकडे खरवडून काढायचे आणि कागदी रुमालाने दाबून टिपायचं. जीव वर-खाली होतो, एवढी चव पुसून टाकतोय म्हणून. पण पुसण्यासारखं होतं ते बहुतेक पाणीच, आणि राहिलेला लसूण तव्यावर काळा होऊन कडवट झाला असता.

साखर आणि मधाचंही तसंच. मांसाला रंग येण्याआधी ते करपतात. गोडवा हवा असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात ब्रशने लावा.

बिडाचा जाड तवा, धूर निघू लागेपर्यंत तापवलेला. दर अर्ध्या मिनिटाला उलटतो. एकदाच उलटायचं या नियमात मला तरी काही अर्थ दिसला नाही. वारंवार उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात आणि कडेची राखाडी पट्टी बारीक राहते. तापल्या तव्याने रस आत ‘बंद’ होतो ही समजूत एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली. रंग आल्यानंतरही तव्यात चरचर चालू असते, ती बाहेर पडणाऱ्या पाण्याचीच की. खरपूस थर चवीसाठी हवा, रसासाठी नव्हे.

थर्मामीटरशिवाय आता मी हात लावत नाही. मला मधून ५५ अंश आवडतं, म्हणून ५१-५२ ला उतरवतो. उतरल्यावरही बाहेरची उष्णता आत जात राहते आणि पारा तीन-चार अंश चढतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला अखंड स्टेकसाठी ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं विश्रांती असा आहे. घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्क माणसं असतील तर मी त्यांचा तुकडा तसाच करतो. पंच्याहत्तर अंशांच्या पुढे गेलेला फ्लँक मात्र कोणत्याही सॉसने वाचत नाही.

आता सॉस

इथे मला सगळ्यात मजा आली. कुठल्याही सॉसआधी एक नियम: कच्चं मांस ज्यात मुरलं ते मॅरिनेड सॉस म्हणून वापरायचं तर खळखळून उकळायचं. त्यापेक्षा मांस घालण्याआधीच वाटीभर वेगळं काढून ठेवणं चांगलं. मी सोया, आलं, मध आणि थोडं व्हिनेगर यांचं असं काढलेलं मिश्रण छोट्या पातेल्यात आटवतो. चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की थांबायचं. गार झाल्यावर ते आणखी दाटतं.

मिरीच्या सॉससाठी बिडाचा तवा बाजूला ठेवून जाड बुडाचा स्टीलचा पॅन घेतो आणि मांसही त्यातच भाजतो. वाइन किंवा व्हिनेगर बिडात आटवत बसलं की लोखंडी चव उतरते. नॉनस्टिकमध्ये बुडाला काही धरतच नाही, आणि या सॉसचा जीव त्या धरलेल्यातच असतो. मांस काढलं, चमचाभर सोडून बाकीची चरबी ओतून टाकली, बारीक चिरलेले छोटे कांदे आणि भरड कुटलेली मिरी परतली. मग आच बंद करून कॉन्याक (फ्रेंच ब्रँडी), पुन्हा आच लावून वाटीभर स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी. आता लाकडी उलथनं बुडावरून फिरवायचं. तपकिरी खरवड आधी कडांनी सुटते, मग पापुद्र्यासारखी उचलली जाते आणि विरघळून जाते. पाणी क्षणात चहाच्या रंगाचं. बुडबुडे सुरुवातीला बारीक आणि गडबडीचे असतात. आटत आलं की मोठे, सुस्त होतात. उलथन्याने ओढलेली वाट पॅनमध्ये क्षणभर उघडी राहिली की क्रीम घालायचं.

क्रीम नको असेल तर आच बंद करून थंडगार लोण्याचे तुकडे एकेक करून घोळवा. उकळी येऊ दिली तर लोणी फुटून तेल वर तरंगतं. विकतच्या स्टॉकमध्ये जिलेटिन फारसं नसतं, तो कितीही आटवला तरी दाट होत नाही, नुसता खारट होतो. बिनमिठाचा स्टॉक घेऊन त्यात चिमूटभर बिनचवीचं जिलेटिन भिजवून घातलं आणि हाच सॉस ओठांना चिकटायला लागला. मांस विसावताना ताटलीत साचलेला रसही यातच ओतायचा. तो सिंकमध्ये ओतणाऱ्यांशी माझं जमत नाही.

चिमिचुरी हा चटणीसारखा हिरवा सॉस, अर्जेंटिना आणि उरुग्वेचा. पार्सली, ओरेगॅनो, लसूण, लाल वाइनचं व्हिनेगर, लाल मिरचीचा भरडा, तेल. एवढ्या साध्या गोष्टीत क्रम महत्त्वाचा निघाला. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून आधी लसूण, मीठ आणि व्हिनेगर दहा मिनिटं एकत्र ठेवायचं. लसणाचा तिखट झणका तेवढ्यात उतरतो. मग सुरीने चिरलेला पाला आणि शेवटी तेल. मिक्सरला लावलं की पाल्याचा लगदा होतो.

फळीवर

फ्लँकचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात आणि डोळ्यांना दिसतात. पाच मिनिटं विसावू दिल्यावर त्यांना आडवे, सुरी जरा तिरपी धरून पातळ काप. स्कर्टचे तंतू पट्टीच्या रुंदीला समांतर असतात, त्यामुळे आधी पट्टीचे बोटभर लांबीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा काटकोनात वळवायचा आणि मग काप. तंतू आखूड झाला की दाताला कष्ट नाहीत. रात्रभर लिंबात ठेवून जे होत नाही ते सुरी दोन मिनिटांत करते.

आणि खरं मुरवणं मी आता इथेच करतो. फळीवर आधी थोडी चिमिचुरी पसरतो, काप त्यावरच घोळवतो आणि मिनिटभर थांबतो. कापल्यामुळे पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढलेला असतो, मांस गरम असतं, सुटणारा रस सॉसमध्ये मिसळतो आणि प्रत्येक घासाला दोन्ही बाजूंनी चव लागते. रात्रभर मुरवलेला पण सॉसशिवायचा तुकडा आणि नुसतं मीठ लावून फळीवर घोळवलेला तुकडा, दोन्ही न सांगता घरच्यांपुढे ठेवले. दुसऱ्याची ताटली आधी रिकामी झाली. सोया-मधाचा सॉस मात्र असा घोळवू नये, खरपूस थर लगेच भिजून मऊ पडतो. तो शेजारी वाटीत.

पुढच्या खेपेला हँगर स्टेक घेणार आहे. त्याच्या मधोमध चिवट पडदा असतो, तो काढल्यावर दोन असमान पट्ट्या उरतात आणि दोन्ही एकाच वेळी तव्यावर कशा बसवायच्या ते अजून ठरत नाहीये. सोबतीला बेआर्नेझ सॉस: टॅरागॉन आणि व्हिनेगर आटवून, अंड्याच्या बलकात लोणी. बलक ६५ अंशांच्या आसपास दाटू लागतो आणि थोडं पुढे गेलं की त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून थर्मामीटर पातेल्यातच ठेवून करायचा विचार आहे. हँगरची बारीक पट्टी आधी काढावी की जाड पट्टी आधी चढवावी, कुणी दोन्ही करून पाहिलं असेल तर कळवा.