लाल रंग आतच होता

अण्णांची लाल मारुती ८०० ही १९९८ सालची. सोलापूरच्या घराला शेड नसल्यामुळे तिने सगळे उन्हाळे अंगणातच काढले, आणि गेल्या वर्षी मी ती पुण्याला आणली तेव्हा तिचे बॉनेट आणि टप लाल म्हणण्यासारखे राहिलेच नव्हते. विटेची भुकटी पाण्यात कालवून सारवावी आणि ती वाळू द्यावी तसा पांढुरका, गुलाबीसर थर सगळ्या आडव्या पत्र्यांवर पसरला होता. दरवाजे त्या मानाने बरे होते, कारण डोक्यावरचे ऊन त्यांच्यावर थेट पडत नाही. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तिथे एका नजरेत निकाल मिळाला: रंग मेला आहे, सगळी गाडी घासून नव्याने रंगवून घ्या.

मला तो निकाल पटला नाही, आणि त्याचे कारण पेट्रोलच्या टाकीचे झाकण. ते उघडले की आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी पोहोचलेच नाही, तिथे कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवशीचा गर्द लाल रंग जसाच्या तसा आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. कारखान्यातला तो भट्टीत पक्का केलेला रंग एकदा खरवडून काढला की पुन्हा कुठूनही मिळणार नाही, म्हणून तो वाचतो का हे आधी पाहावे असे मी ठरवले.

त्यासाठीची परीक्षा अगदी साधी आहे. पांढऱ्या कापडावर नखाएवढे पॉलिश घेऊन बॉनेटच्या कोपऱ्यात हलक्या हाताने घासले, तर कापड लालभडक झाले. याचा अर्थ रंगावर पारदर्शक क्लिअर कोट नव्हता. रंग आणि चकाकी एकाच थरात होती. असा रंग उन्हात राहिला की त्यातला बांधून ठेवणारा घटक वरच्या बाजूने तुटत जातो, रंगाचे कण सुटे होतात, आणि त्या खडबडीत भुकटीवर पडलेला प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो. डोळ्यांना तोच पांढुरकेपणा दिसतो. भुकटी काढली की खालचा धड रंग उघडा पडतो. मेटॅलिक रंगाच्या गाड्यांवर मात्र बहुधा वर क्लिअर कोट असतो. तो सापाच्या कातीसारखा सुटू लागला असेल तर कितीही पॉलिश केले तरी उपयोग होत नाही, तिथे रंगकामच करावे लागते.

अण्णा वर्षानुवर्षे दर रविवारी डिझेलचा बोळा गाडीवर फिरवत. त्याने दिवसभर गाडी चकाकते हे खरे, कारण तेल खडबडीत पृष्ठभागातल्या फटी भरून काढते. परंतु संध्याकाळपर्यंत त्याच तेलावर धूळ चिकटते आणि पुढच्या रविवारी बोळ्यासोबत तीच धूळ रंगावर घासली जाते. त्यामुळे मी आधी गाडी शाम्पूने दोनदा धुतली, डांबराचे ठिपके रॉकेलच्या कापडाने काढून ती जागा लगेच पुन्हा धुतली, आणि पाणी पत्र्यावर वाळू न देता पुसून घेतले, कारण आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि त्यातल्या क्षारांचे डाग वेगळेच होऊन बसतात. मग हाताला प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवर तळवा फिरवला. नुसत्या बोटांना जी कचकच जाणवत नाही ती पिशवीतून स्पष्ट जाणवते. रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, म्हणजे क्ले बार, साबणाच्या पाण्याबरोबर ती कचकच जाईपर्यंत फिरवत राहिलो.

खरे काम त्यानंतरचे. सकाळी सातच्या आधी, सावलीत, पत्रा गार असताना हातभर चौकोन घ्यायचा, बारीक दाण्याचे कंपाउंड, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणारी पेस्ट, लावायचे आणि सरळ रेषेत घासायचे; पत्रा तापला की कंपाउंड वाळून चिकटते आणि ओरखडे पाडते. कापडाची घडी दर दोन-तीन मिनिटांनी बदलावी लागते, कारण निघालेली भुकटी कापडात भरली की तीच पुन्हा रंगावर घासली जाते. पहिल्या चौकोनातून पांढुरकेपणा हळूहळू मागे सरकला आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या बॉनेटमध्ये दिसू लागल्या, तेव्हा मी काही वेळ काम थांबवून नुसता पाहत राहिलो. एका बॉनेटला दोन रविवार लागले.

हे काम मशिनने तासाभरात होते हे मला ठाऊक आहे, तरी पहिल्यांदा ते हातानेच करावे असे माझे ठाम मत आहे. प्रायमरपासून, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापासून, वरपर्यंतचा सगळा थर साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा असतो, म्हणजे दोन केसांच्या जाडीपेक्षाही कमी, आणि त्यातला घासता येण्याजोगा रंग त्याहून बराच कमी. कडांवर आणि उंचवट्यांवर तर तो आणखी पातळ असतो, शिवाय हाताचा सगळा जोर तिथेच येतो. बॉनेटच्या पुढच्या कडेला मी मास्किंग टेप लावायला विसरलो आणि सात-आठ फेऱ्यांतच करडा प्रायमर तांदळाच्या दाण्याएवढा उघडा पडला. ती चूक कंपाउंडने भरून निघत नाही. ब्रशने रंगाचा ठिपका देऊन ती जागा झाकली आहे, पण मला ती रोज दिसते.

शेवटी वॅक्स लावले. वॅक्स चकाकी परत आणत नाही, आणलेली टिकवते, आणि पुण्याच्या उन्हात दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा लावावे लागते. बॉनेटवर पाणी टाकल्यावर थेंब गोळा होण्याऐवजी पसरू लागले की वेळ झाली असे समजावे.

आता टप उरला आहे. तिथे कावळ्यांच्या विष्ठेने दोन जागी रंग प्रायमरपर्यंत खाल्ला आहे आणि तेवढ्यापुरते त्या गॅरेजवाल्याचे म्हणणे बरोबर होते. तो पत्रा तेवढा रंगवून घेणार आहे, टाकीच्या झाकणाच्या आतला लाल रंग नमुना म्हणून दाखवून. रंग तोच राहणार असल्यामुळे आरसी बुकात काही बदलावे लागणार नाही. दरवाज्यांना मात्र मी कुणालाही हात लावू देणार नाही. पावसाळ्यापूर्वीचे सहा रविवार त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत.