आयर्विनला किती?

जुलैचा शेवटचा आठवडा. सांगली स्टँडवरून रिक्षात बसलो तेव्हा रिक्षावाला फोनवर कुणाला तरी विचारत होता, "आयर्विनला किती?" थोडं ऐकून म्हणाला, "36? मग हाय अजून." म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 36 फुटांवर होतं, पुराला अजून वेळ होता.

मित्राचं घर गावभागात. काकूंनी चहा दिला आणि पहिला प्रश्न तोच केला, "पुलावरून आलास का? किती झालंय?" स्वयंपाकघरात बघतो तर तांदळाचा डबा, डाळी, शेंगदाणे, सगळं माळ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुलावर गेलो. सांगली आणि सांगलवाडी यांना जोडणारा हा आयर्विन पूल 1929 चा. तेव्हा इथं पटवर्धनांचं संस्थान होतं, दुसरे चिंतामणराव गादीवर होते, आणि पुलाला नाव मिळालं त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं. व्हाइसरॉय कोण होता हे आज रस्त्यात कुणाला विचारलं तर क्वचितच कुणी सांगेल. 'आयर्विन' हा शब्द मात्र पावसाळ्यात घराघरात दिवसातून दहादा उच्चारला जातो. शेजारी आता नवा पूल झालाय, तरी पाणी मोजायचं ते याच पुलाजवळ.

कठड्यावरून वाकून पाहिलं. लालसर गढूळ पाणी, त्यावर जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत येत होते. एकेक पुंजका दगडी खांबावर आदळायचा, क्षणभर थांबायचा, मग फाटून दोन्ही बाजूंनी निघून जायचा. कठड्यावर हात ठेवून मी बराच वेळ तेच बघत राहिलो. छत्री घेतलेले एक आजोबा माझ्याशेजारी उभे राहून फुटांचे आकडे वाचत होते.

40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा नदीकाठच्या सखल वस्त्यांतली माणसं 40 ची वाट बघत बसत नाहीत, त्याआधीच सामान हलवतात. आजोबांनी सांगितलं ते मला फार मोलाचं वाटलं. कोयना वर कऱ्हाडलाच कृष्णेला मिळते, तिचं पाणी इथं येतंच. पण वारणा मिळते ती शहराच्या खाली, हरिपूरला. तीही भरून आली की कृष्णेच्या पाण्याला पुढं वाट मिळत नाही, ते मागं फुगतं. "म्हणून इथं पाऊस नसला तरी पाणी चढतं बघा," ते म्हणाले. ऊन पडलेलं असताना घर रिकामं करणं काय असतं, याची मला पुण्यात बसून कधी कल्पनाच आली नव्हती.

2005 ला पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं. ऑगस्ट 2019 मध्ये 57 च्याही वर. 2021 ला पुन्हा 54 ओलांडलं. काकूंच्या घरात हे आकडे भिंतीवर आहेत. कपाटामागं पेन्सिलच्या तीन रेघा, प्रत्येकीपुढं साल. 2019 ची रेघ माझ्या खांद्याला लागते. त्या रेघेखालचा गिलावा नवा आहे, हाताला वेगळाच लागतो. "आपल्या घराला 53 ला पाणी लागतं," काकू म्हणाल्या. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक घराचा असा आपला एक आकडा आहे आणि तो घरातल्या लहान पोरालाही पाठ असतो.

संध्याकाळी परत पुलावर गेलो, या वेळी खास काकूंसाठी. खांबावर सकाळच्या पाण्याची ओली खूण उघडी पडली होती. आजोबा तिथंच होते. "34. उतरतंय."

घरी येऊन सांगितलं. काकूंनी एकदा मोबाईलवर बघून खात्री केली, मग स्टूल पुढं ओढत म्हणाल्या, "तांदळाचा डबा तेवढा काढून दे खाली. डाळी राहू देत अजून दोन दिवस."