पावतीपुस्तकावरची लिंक

"ताई, अजून कोणाचा फोन नाही आला. आमच्याकडून काही सेटिंग करायचं राहिलंय का?"

सकाळी ठाण्याला नऊ नंबरवर गाडीची वाट बघताना, आमच्या देणगीच्या साइटवर ज्यांची संस्था लावलीये त्या काकांचा हा मेसेज वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तोच. रागावलेले नाहीत, तक्रार नाही, उलट त्यांनाच वाटतंय की त्यांच्याकडून काहीतरी राहिलंय. सत्तरीचा माणूस मला ताई म्हणतो आणि वर हे. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, विषय संपला असता.

तर ती साइट. आमचा पहिलाच हॅकेथॉन, म्हणजे रात्रभर बसून साइट-ॲप बनवायची स्पर्धा, थीम समाजोपयोगी वगैरे, आणि टीममधला प्र. म्हणाला देणगी द्यायला जवळची संस्था शोधून देणारी साइट करू, नकाशा, फिल्टर, कार्डं, रात्रीत होईल. कोड झालाही. डेटा नव्हता. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर संस्था ढिगाने आहेत, पण आम्हाला कार्डावर जे दाखवायचं होतं, नेमकं काय हवंय, ८०जी (देणाऱ्याला इन्कम टॅक्समध्ये सूट मिळवून देणारी मान्यता) आहे का, फोन केला तर उचलणारं कोणी आहे का, ते एका जागी मिळेना. म्हणून मी संध्याकाळी फोन लावत बसले. बहुतेक जण म्हणाले ईमेल करा. दिघ्यातल्या अभ्यासिकेच्या काकांनी मात्र जेवायच्या आत सगळं व्हॉट्सॲप केलं, धर्मादाय आयुक्तांकडचं सर्टिफिकेट, ८०जीची ऑर्डर, ऑडिट झालेला ताळेबंद, सतरंजीवर अभ्यास करणाऱ्या पोरांचे फोटो, सगळे तिरके. वर शिकवणीही. नोंदणी नंबरच्या आधी एफ असलं की सोसायटी समजायची. आणि, "दोन हजाराच्या वर कॅश आम्ही घेतच नाही ताई, देणाऱ्याला सूट मिळत नाही मग."

डेमोत पूर्ण भरलेलं कार्ड एकच होतं, त्यांचं. टाळ्या त्यालाच पडल्या. मग एका जजनी रेव्हेन्यू मॉडेल विचारलं आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. नंबर आला नाही. प्र. नंतर जे बोलला ते जाऊ दे.

दादा म्हणतो सरळ सांगून टाक, कॉलेजचा प्रोजेक्ट होता, संपला. अरे पण सांगितलंय ना! पहिल्याच फोनवर सांगितलेलं, काका आम्ही विद्यार्थी आहोत, ही स्पर्धा आहे. ते म्हणाले, "छान छान, चालू कधी होणार?" आता यावर काय बोलायचं होतं मी? आणि मलाच का? फोन मी केला म्हणून नंबर माझा त्यांच्याकडे, म्हणून रोजचा सुप्रभात मला, बाकी तिघं मोकळे. एक इंटर्नशिपला, एक जीआरईच्या अभ्यासाला, प्र. तर काय. पहिल्या हॅकेथॉनमधून लोक बक्षीस घेऊन येतात, गेला बाजार टी-शर्ट तरी, मला एक काका मिळाले.

आणि गेल्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. नवीन पावतीपुस्तक छापून आलंय, खाली आमची लिंक. डॉट व्हर्सेल डॉट ॲप, पूर्ण. देणगीच्या पावतीवर! फुकटच्या होस्टिंगवर पडलेली साइट, आणि छापील. तो फोटो बघून पोटात कसंतरी झालं ते अजून गेलेलं नाही. इतका विश्वास कोणी टाकत जाऊ नये आमच्यासारख्यांवर. म्हणजे टाकावा, पण आधी विचारावं.

मग आज ऐरोली येईपर्यंत ॲनॅलिटिक्स उघडून बघितलं. रोज एक व्हिजिटर. नवी मुंबई, मोबाइल, सकाळी सातच्या आसपास. काकाच. आमच्या स्टार्टअपचा रोजचा एकमेव युजर म्हणजे ज्याची माहिती लावलीये तोच, आणि मला गाडीत इतकं हसू आलं की समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढली.

तसंही आमच्या साइटवरून कोण देणार होतं देणगी? आईने आजवर जे काही दिलंय ते ओळखीत, दिवाळीच्या आधी दारात पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या त्या जोशीणबाई टाइप कोणालातरी. नकाशा बघून नाही. आणि ८०जीचं फिल्टर, ज्यावर आम्ही अर्धी रात्र घालवली, त्याचा दादाला उपयोग शून्य, तो नव्या टॅक्स रिजीममध्ये आहे, तिथे ही सूटच नाही. हे फायनान्सवाल्या जजनाही सुचलं नाही, नशीब.

दुपारी शेवटी मीच फोन केला. मनात वाक्य तयार होतं, काका, साइट आता बंद होईल कदाचित. त्यांनी बोलूच दिलं नाही. "बरं झालं ताई तुम्हीच केलात, तुम्हाला कॉम्प्युटर येतं ना?" वर्षभराच्या देणगीदारांची यादी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर भरायचीय, फॉर्म १०बीडी, ३१ मेच्या आत, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि ते भरल्याशिवाय देणगीदारांना सर्टिफिकेट निघत नाही. दरवर्षी भरून देणारा मुलगा पुण्याला गेला. देणगीदारांचे पॅन नंबर सगळे वहीत आहेत, पेनाने, म्हणे अक्षर चांगलं आहे.

आमच्या ‘काय हवंय’च्या ड्रॉपडाऊनमध्ये पैसे, कपडे, धान्य, पुस्तकं एवढंच होतं. फॉर्म भरून देणारं माणूस असा पर्याय चौघांपैकी कोणालाच सुचला नाही.

शनिवारी जातेय. फक्त ओटीपी खजिनदारांच्या मोबाइलवर येतो आणि खजिनदार पुतणीच्या लग्नाला पाटणला गेलेत, तिथे रेंज गच्चीवरच येते. काका म्हणाले, "काळजी करू नका, त्यांना सांगून ठेवतो, अकरा वाजता गच्चीवर उभे राहतील."